अनसूयामावशीचा ठेका

रोह्याजवळच्या वरसे गावात शेजारच्या मांडवातून हळदीचा वास आला आणि पेणची ती हळद आठवली. अनसूयामावशीच्या लग्नगीतांच्या कॅसेटी तेव्हा पेण ते रोहा प्रत्येक रिक्षात वाजायच्या. तिने सूर लावला की मिठागरातलं मीठ गोड व्हायचं; मी चाखलंय! त्या हळदीच्या मांडवात ती माईकसमोर उभी राहिली आणि मी, नवाकोरा डीजेवाला, तिचंच गाणं दुप्पट वेगाने लावलं.

"अरे, मी हाय ना गायला!"

"बसा मावशी, तुम्हीच गाताय की!" मी माईकवर ओरडलो. मांडव हसून कोसळला.

मावशी बसली. स्वतःच्याच आवाजावर टाळ्या वाजवू लागली, पण त्या दुप्पट ठेक्यात तिचे हात मागे पडत होते. शेवटी नवरीच्या आईने ते धरून खाली ठेवले.

हा किस्सा मी शंभरदा रंगवून सांगितलाय. दरवेळी त्या हातांच्या अलीकडेच थांबतो.