रिकाम्या खोक्यांची खोली

भगवंतराव गावंडे यांनी बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसात तेहतीस वर्षे काढली. तेवढ्या काळात त्यांनी गादीत गुंडाळून पाठवलेले टीव्ही पाहिले, चादरीत बांधलेले मिक्सर पाहिले, आणि आहेराचा एक फ्रिज तर असा पाहिला, की दार ओढताच दारच हातात आले. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळासोबत त्यांनी एक ठाम मतही घरी आणले. वस्तू ज्या खोक्यात आली, त्याच खोक्यात ती सुखरूप जाते.

तेव्हापासून अमरावतीच्या त्या घरातून एकही खोके बाहेर गेले नाही. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत फ्रिजचे, वॉशिंग मशीनचे, ओव्हनचे, संगणकाचे आणि दोन टीव्हींचे अशी खोकी छतापर्यंत रचलेली होती. वस्तूंपैकी निम्म्या केव्हाच मोडीत गेल्या होत्या, खोकी मात्र नव्यासारखी होती. थर्माकोलच्या तुकड्यांवर ‘डावा’, ‘उजवा’, ‘खालचा’ असे निळ्या शाईत लिहिलेले. कोणी पाहुणा विचारी, या खोलीत काय आहे? त्यांच्या पत्नी ताराबाई म्हणत, “हवा. कंपनीतून आली तशीच ठेवली हाय यांनी.”

भगवंतराव हसून सोडून देत. पण मे महिन्यात अकोल्याहून देवश्रीचा फोन आला, तेव्हा हसू आले नाही. एकुलती एक मुलगी, सातवा महिना लागलेला, पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे हे ठरलेलेच.

“बाबा, खोली मोकळी होणार असेल तरच येते,” ती म्हणाली. “मागच्या वेळी हॉलमध्ये झोपले, तर तुमच्या बातम्या पहाटे साडेपाचला सुरू. इथं सासूबाई म्हणतात, कशाला जातेस, सगळं मी करते.”

“करा म्हणा त्यायले त्यायच्या लेकीचं,” भगवंतराव म्हणाले. “तू ये. खोली होते मोकळी.”

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खोलीच्या दारात उभे राहिले. हातात पंधरा दिवस होते. गच्चीवर ठेवावे तर पावसाळा तोंडावर. दिवाणाखाली फक्त ओव्हनचे खोके जाईना जाईना करत गेले, आणि मग दिवाण हलू लागला. ताराबाईंनी रद्दीवाल्याला बोलावले. त्याने पहिले खोके आडवे पाडून वर पाय दिला, तसे भगवंतराव ओरडले, “अरे, माणूस हाय का कोण? ते सरळ बाजूनं उचल!” रद्दीवाला चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेला.

ताराबाई संतापल्या. “पोरगी पायजे का पुठ्ठे पायजे, ते एकदाचं सांगून टाका.”

“पोरगीच पायजे. पण चांगली वस्तू पायाखाली कशी देऊ?”

“तुमच्या ऑफिसात कोणी माल सोडवून नाई नेला, तर काय करत होते तुमी? घरी आणत होते का?”

“घरी कसा आणीन? नोटीस लागे. दहा दिवसांची मुदत.”

एवढे बोलून भगवंतराव चष्मा शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर कागद लागला. अक्षर सुवाच्य, खाली सही, तारीख. ‘सूचना. खालील माल दहा दिवसांत सोडवून न्यावा. फ्रिज नग एक. वॉशिंग मशीन नग एक. टीव्ही नग दोन. ओव्हन नग एक. संगणक नग एक. मुदतीनंतर तक्रार चालणार नाही.’

पार्सलच्या वहीत आत काय आहे तेच लिहितात. रिकामे खोके कोणी बुक करत नसते. त्यामुळे ‘रिकामे’ हा शब्द लिहायचे भगवंतरावांच्या मनातही आले नाही.

आठ वाजेपर्यंत फाटकाशी पंधरा-वीस माणसे जमली. एक जण हातगाडीच घेऊन आला होता. “काका, फ्रिज चालू हाय ना?” त्याने विचारले. शेजारच्या पार्बताबाई मागच्या दाराने आत आल्या आणि ताराबाईंचा हात धरून म्हणाल्या, “काहून वो बाई, घर सोडून राहिले का तुमी? सांगायचं तर होतं. आमी का मेलो होतो?”

ताराबाईंना काही कळेना. त्या फाटकापर्यंत गेल्या, कागद वाचला, आणि पायरीवर बसून इतक्या हसल्या की पार्बताबाईंना त्या रडताहेत असेच वाटले. मग त्यांनी नवऱ्याच्या खिशातला पेन काढून नोटिशीवर आडवे, ठसठशीत लिहिले : ‘रिकामी खोकी’.

गर्दी पांगली. हातगाडीवाला जाता जाता म्हणाला, “रिटायर माणसाले काही ना काही लागतेच बाप्पा.”

एक मुलगी मात्र थांबली. प्रतीक्षा तिचे नाव, मागच्या गल्लीत भाड्याने राहायची, बँकेत होती. बदली अकोल्याला झालेली, रविवारी ट्रक येणार होता.

“काका, वॉशिंग मशीनचं खोकं मिळेल का? माझं मी टाकून दिलं.”

“मॉडेल कोणतं?”

तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. भगवंतरावांनी नंबर दोनदा ताडून पाहिला. तेच मॉडेल.

“आणि ड्रमचे बोल्ट?”

“कसले बोल्ट?”

भगवंतराव खुलले. पुढून कपडे टाकायच्या मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून मागून चार बोल्ट लावलेले असतात, ते घरी आल्यावर काढतात आणि नेताना पुन्हा लावतात, हे त्यांनी तिला मशीनच्या चित्रावर बोट ठेवून समजावले. खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली पिशवी काढून बोल्ट तिच्या हातावर मोजून ठेवले. माल मिळाल्याच्या चिठ्ठीवर तिची सही घेतली.

ऑटोत आडवे होऊन खोके निघाले, तेव्हा ताराबाई नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. चेहरा उतरलेला नव्हता. माल गाडीत चढला की फलाट मोकळा होतो, आणि त्याचे भगवंतरावांना तेहतीस वर्षांत कधी वाईट वाटले नव्हते. आजवर या खोलीतल्या मालाला घेणारा मिळाला नव्हता, एवढेच.

दिवस बदल्यांचे होते. प्रतीक्षाने बँकेत सांगितले, तिथून आणखी कोणाला कळले. जुन्या टीव्हीचे खोके धामणगावला निघालेल्या एका मास्तरांनी नेले. त्याआधी एकाला भगवंतरावांनी परत पाठवले होते, कारण त्याचा टीव्ही दोन इंच लहान निघाला. “आत नाचत जाईन तो अकोल्यापर्यंत,” ते म्हणाले. फ्रिजचे गेले, संगणकाचे गेले. दिवाणाखालचे ओव्हनचे खोके ओढून काढले, तेव्हा दिवाणानेही सुटकेचा श्वास सोडला. नव्या टीव्हीचे तेवढे ताराबाईंनीच ठेवायला सांगितले. वॉरंटी अजून दहा महिने होती, आणि खोके कपाटामागे चपट उभे राहत होते. “दहा महिने म्हणजे दहा महिने,” त्यांनी बजावले.

जूनच्या पहिल्या सोमवारी जावई केयूर देवश्रीला गाडीने घेऊन आला. ती कमरेवर हात ठेवून खोलीत गेली आणि मध्येच थबकली.

“बाबा, इथं खिडकी होती?”

“होती ना. मलेही परवाच दिसली.”

जेवण करून ती खिडकीखालच्या पलंगावर आडवी झाली, आणि पाच मिनिटांत तिला झोप लागली. ताराबाई तिच्या उशाशी बसल्या. भगवंतराव टीव्ही न लावता हॉलमध्ये पेपर वाचत होते. तेवढ्यात फाटकाची कडी खडखडली.

“गावंडे काका! ते फ्रिजचं खोकं हाय का अजून?”

भगवंतराव अनवाणीच बाहेर धावले. “हळू बोल, हळू! पोरगी झोपली हाय आत.”

“पण खोकं?”

“काही नाई राहिलं,” भगवंतराव म्हणाले, आणि कडी आवाज न करता लावून आत वळले.