कांद्याचं पथ्य

रामाकोना गावची कमल गजभिये संत्र्याच्या बागेत निंदायला जायची. ब्याऐंशी साली गावात सरकारी दवाखाना उघडला, तो होमिओपॅथीचा. सुई देणारा डॉक्टर तालुक्याला, सौसरला बसायचा. दारात सरकारचा डॉक्टर असताना तिकडे कोण जाणार?

त्या पावसाळ्यात तिच्या सुजाताला ताप चढला, घसा सुजला. डॉक्टरांनी पुडीत गोड गोळ्या दिल्या आणि बजावलं, "कांदा-लसूण बंद." पोरगी दोन दिवस उपाशीच होती. मग तिनं जेवायला मागितलं, तेव्हा कमलनं घरात होतं तेच, कांद्याच्या फोडणीचं वरण, चार घास भरवलं. दुसऱ्या दिवशी सुजाता गेली.

डॉक्टरांनी एकच विचारलं, "कांदा दिला होता?" कमलनं होय म्हणून मान हलवली. पुढं त्यांनी काही विचारलं नाही. हे सांगताना मला चीड येते ती या पथ्याची. त्यात गोळी कधी चुकत नाही, चुकते ती आई. कमलच्या घरात पुन्हा कांदा आला नाही.

चार वर्षांनी गावानं सुईवाल्या डॉक्टरची मागणी केली. जिल्ह्याचे साहेब आले, शाळेत सभा भरली. कमलचा दीर श्रावण उठून म्हणाला, "या गोळ्याइनं लेकरं मरून राहिले, साहेब. आमच्या वहिनीलेच विचारा."

सगळे तिच्याकडं वळले. कमल पदर सावरत उभी राहिली.

"गोळ्या चांगल्याच होत्या, साहेब," ती म्हणाली. "कांदा मीच चारला."