जौनपूरच्या रस्त्यावर उकळलेली गाडी

बालाजी घाटावरच्या वेदपाठी घरात वेणीमाधव जन्मला, पण त्याचा जीव रमला इंजिनात. वडिलांनी वर्षभर अबोला धरला, शेवटी हात टेकले. तिशीत तो नीलकंठराव डॉक्टरांची जुनी मोटार चालवू लागला. बनारसमधल्या सगळ्या गल्ल्यांच्या तोंडाशी ती गाडी ओळखीची झाली.

त्या जेठात, ज्येष्ठाच्या ऐन उन्हात, जौनपूरहून तार आली. तिथे मास्तर असलेल्या काशीनाथची मुलगी बकुळ घटसर्पाने घुसमटत होती. बकुळ म्हणजे वेणीमाधवची सख्खी भाची, सीताताईची एकुलती लेक. जौनपुरात औषध नव्हतं आणि आगगाडी संध्याकाळशिवाय नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शनच्या कुप्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. भर दुपारी दोघे मोटारीने निघाले.

फूलपूरच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ फुसफुसायला लागली. वेणीमाधवने गाडी कडुनिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"पाणी संपलं का रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"निघताना काठोकाठ भरलं होतं."

घाईघाईत त्याने झाकण फिरवलं, तशी उकळत्या पाण्याची चिळकांडी मनगटावर आली. तो कळवळला. शेजारच्या विहिरीवर मोट हाकणारा अहीर गवळी बादली घेऊन धावला. "डाल दें, भइया?"

"अभी नहीं! इंजन फट जाएगा।"

थांबायला हवं होतं, आणि थांबणंच जिवावर येत होतं. डब्याच्या फटीतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. डॉक्टरांनी उपरणं विहिरीवर भिजवून डब्याला गुंडाळलं. सीताताई दाराशी उभी असेल, असं वेणीमाधवच्या मनात आलं.

पंख्याचा पट्टा त्याने दाबून पाहिला, ताठ होता. मग रेडिएटरवर हात फिरवला. वरून चटका बसत होता, खाली मात्र गार लागलं. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. रेडिएटरच गाळाने तुंबला असेल तर इथे रस्त्यावर काहीच करता येणार नव्हतं. 'मंगलागौरी, एवढं तरी नको,' तो पुटपुटला.

इंजिन थोडं निवल्यावर त्याने खालची रबरी नळी सोडवली. आत बोट घातलं तर अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. पाण्याची वाट त्या अस्तरानेच अडवली होती. त्याने ते पकडीने ओढून काढलं. पण नळी आता पातळ झाली होती.

"हिला बाहेरून काहीतरी बांधायला हवं, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी बॅग उघडली, चिकटपट्टी काढली आणि मोडलेलं हाड बांधावं तशी स्वतःच नळी बांधायला बसले. वर बँडेज, त्यावर तार. वेणीमाधवने बादलीतलं पाणी धारेधारेने आत सोडलं. हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, मग सुरू झालं. रेडिएटरला खाली हात लावला, तर ऊन; पाणी फिरू लागलं होतं.

जौनपूर येईपर्यंत त्याने वेग वाढवला नाही. बर्फ केव्हाच विरघळला होता; डब्यातलं पाणी मात्र अजून थंड होतं. सीताताईने दारातच डबा हातातून घेतला.

इंजेक्शननंतरही दोन दिवस बकुळचा श्वास करवतीसारखा वाजत राहिला. वेणीमाधव अंगणात बसून तो ऐकायचा. आवाज जरा थांबला की दचकून उठायचा. तिसऱ्या सकाळी तिने पेज गिळली. दारात मामाला पाहून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मामा, मोटारीत बसव ना."

"आधी तू बरी हो, बाळे," तो म्हणाला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला.