बाई, सुंगून पाहा बरं

फायबरभाऊला वास येत नव्हता. कशाचाच नाही. मोहफुलांच्या दिवसात आमच्या गोंडपिपरीत रस्त्याने जाणारा माणूसही पावलं हळू टाकतो, पण हा ओंजळभर फुलं गोळा करून समोर येईल त्याच्या नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "सुंगून पाहा बरं. कसा येते?" समोरच्याने नुसतं 'चांगला येतो' म्हटलं तर त्याचं समाधान होत नसे. "चांगला त अत्तराचाही येते. हा कसा हाय, ते सांगा." मग त्या बिचाऱ्याने काहीतरी जुळवून सांगायचं, आणि याने डोळे मिटून ऐकायचं.

त्याचं खरं नाव गावात फार कोणी घेत नसे. आमच्या कुंपणाला लागून त्याची टिनाची शेड होती. तिथे तो फुटलेल्या पाण्याच्या टाक्या सांधायचा, ऑटोचे टप बनवायचा, थंडीत वडशाकडच्या नाटक मंडळ्यांचे खेळ सुरू व्हायच्या आधी सिंहासनाचे सिंह करून द्यायचा. मूळचा तो ढिवराच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरचा. तलावातली मच्छीमार सोसायटीची फायबरची नाव एकदा खुंटावर आपटून फाटली, ती जोडायला नागपूरहून एक मिस्त्री आला, आणि हा दिवसभर त्याच्या शेजारी उकिडवा बसून राहिला. पुढच्या वेळी नाव फाटली तेव्हा मिस्त्रीला कोणी बोलावलंच नाही. काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वर ब्रशने ते उग्र केमिकल पाजायचं, सुकलं की दगड. वर्षानुवर्षं तो वास नाकात भरत गेला आणि शेवटी नाकानेच काम सोडलं. तोंडाला कापड बांध म्हणून मी किती सांगितलं, तर म्हणायचा, "आता कोनाले वाचवू बाई? नाक त गेलं."

एकदा त्याने नासलेला माशांचा रस्सा खाल्ला आणि चांगला अंथरुणाला खिळला. ढिवराच्या पोराला मासे नासलेले कळू नयेत, यावर गाव हसलं. तेव्हापासून दुपारी जेवायच्या वेळेला तो डबा उघडून कुंपणावरून माझ्यापुढे धरू लागला. मी वास घेऊन 'खा' म्हटल्याशिवाय घास तोडायचा नाही. मी कधी म्हणायची, आज फोडणी करपली आहे, तुझी सून रागात दिसते. तो म्हणायचा, "मंग आज घरी उशिराच जातो." असं आमचं रोजचं चालायचं.

आता जीपचं सांगते. आमचे हे जुनी जीप चालवायचे. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं, कोंबड्या, धानाची पोती, सगळं घेऊन यायचे. तिच्या डॅशबोर्डवर त्यांनी स्वतः सागवानाची फळी बसवली होती, वर स्पंज आणि रेग्झिन चढवलं होतं, कोपऱ्यात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी ठेवायला एक खण केला होता. ते गेले आणि जीप अंगणात उभी राहिली. उंदरांनी रेग्झिन कुरतडलं, उन्हाने फळी तडकली, मीटर तारांना लोंबकळायला लागले. मुलगा प्रमोद म्हणाला, "आई, एक त नवीन डॅशबोर्ड करून गाडी रस्त्यावर काढू, नाई त भंगारवाल्याले देऊन टाकू." त्याचंही बरोबर होतं. लग्न झालेलं, शेती थोडी, दारातली गाडी अशी किती दिवस ठेवणार. पण जुन्या गाडीचा डॅशबोर्ड मिळतो कुठे? प्रमोदने फायबरभाऊला सांगितलं. तो म्हणाला, जुना उचकटून साचा घेऊ, नवीन घालू, त्यात काय.

मी अडवलं नाही. कशी अडवणार? दुपारी सगळे निजले की मी त्या जीपमध्ये जाऊन बसायची, हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. खिडक्या बंद असायच्या, आत ऊन कोंडलेलं असायचं, आणि त्या रेग्झिनमधून, फळीतून त्यांचा वास यायचा. घरातल्या त्यांच्या कपड्यांतून तो केव्हाच गेला होता. तेवढ्या एका जागी उरला होता.

फायबरभाऊ पाना घेऊन आला, सीटवर बसला. सवयीप्रमाणे मला म्हणाला, "इथी कसा वास येते, बाई?" मी दुसऱ्या बाजूने आत बसले आणि दार ओढून घेतलं. त्याने वळून पाहिलं. मग मी सांगितलं. खर्ऱ्याचा येतो. डिझेलचा येतो. खोबरेल तेलाचा, कारण ते तेल लावलेल्या केसांतून हात फिरवून त्याच हाताने फळी पुसायचे. आणि या सगळ्यांच्या खाली आणखी एक येतो, त्याला नाव नाही.

त्याने पाना खाली ठेवला. शेडकडे गेला आणि एक कापडी पिशवी घेऊन आला. आत लुगडं होतं. त्याच्या बायकोचं. ती बाजारात मासळी विकायला बसायची, मी तिला पाहिलं होतं. तो म्हणाला, "जिंदगीभर तिले म्हणत आलो, आंघोळ कर आधी, मासळीचा वास येते. ती मेली त्या दिवशी हे नाकाले लावलं, बाई. काईच नाई आलं. तेव्हा समजलं मले का नाक गेलं." मग पिशवी पुढे केली. "घरचे म्हणतात, येते अजून. तुमी सांगा."

मी लुगडं नाकाशी धरलं. खूप वेळ धरलं. मासळी नव्हती, माणूस नव्हतं. लोखंडी पेटी होती आणि डांबराच्या गोळ्या होत्या. रोज ज्याला खरं सांगून जेवू घातलं, त्याच्याशी तेव्हा कसं खोटं बोलू? म्हटलं, "भाऊ, यात आता पेटीचा वास येतो."

त्याने लुगड्याची घडी घातली, कडेला कडा नीट लावून. "मले वाटतच होतं," म्हणाला. मग जीपकडे बघत म्हणाला, "हे नाई उचकटत मी."

त्याने काय केलं, तर जुन्या डॅशबोर्डला हात न लावता त्याच्यावर बसेल असं दुसरं कवच करायचं ठरवलं. काम दुप्पट. केमिकलचा थेंबही जीपमध्ये न्यायचा नाही, असं त्याचं त्यानेच ठरवलं. मग पुठ्ठे कापून, तार वाकवून मापं घ्यायची, पळत शेडमध्ये जायचं, तलावाची चिकणमाती दुसऱ्या एका फळीवर थापून तसाच आकार करायचा, पुन्हा जीपकडे यायचं. प्रमोद वैतागला. "काका, जुन्याच्या वर नवीन कोन बसवते? काढून फेका न." फायबरभाऊ मातीचे हात पुसत म्हणाला, "तुहा बाप हाय त्यात. मी झाकून राह्यलो, फेकून नाई राह्यलो." त्या दिवसापासून प्रमोदही पुठ्ठे धरायला जाऊ लागला.

कवच सुंदर झालं, काळंभोर, मीटरांना गोल जागा, डाव्या हाताला खण. पण ते वासाने भणभणत होतं. फायबरभाऊने ते शेडच्या छपरावर उन्हात टाकलं आणि रोज खाली काढून मला वास घ्यायला लावू लागला. मी नसले तर रस्त्याने जाणाऱ्याला थांबवायचा. पोस्टमन, बांगडीवाली, शाळेतून येणारी पोरं, कोणी सुटलं नाही. एक म्हातारा म्हणाला, डॅशबोर्ड आहे की नवरी, एवढे लोक पाहायला येऊन राह्यले? उन्हाळा उतरत आला तेव्हा एका सकाळी मी नाक टेकवलं आणि मला नुसतं ऊन आलं. "गेला," म्हटलं. "पक्कं? नाई त अजून ठेवतो." पक्कं, म्हटलं. त्याच दिवशी त्याने ते बसवलं. चारी कोपऱ्यांना बोल्ट, हाताने फिरणारे, पान्याची गरज नाही. "आठवन आली का खोला," एवढंच म्हणाला.

जीप बाजाराला जाऊ लागली. मी कधी कधी बोल्ट फिरवून कवच उचलायची, दोन श्वास घ्यायची आणि पुन्हा लावून टाकायची. जास्त वेळ उघडं ठेवत नव्हते. संपेल म्हणून.

मग त्याचा दम वाढला. आधी दोन पायऱ्यांवर थांबायला लागला, मग शेडमध्ये नुसता बसून राहायला लागला. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. प्रमोदने मला त्याच जीपमधून नेलं. मी भाकरी आणि शेंगांची आमटी नेली होती. खाटेजवळ डबा उघडला, आणि सवयीने आधी स्वतःच्या नाकाशी नेला. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, तरी तो हसला. म्हणाला, "तुमच्या हातचं बी सुंगता?" मग इकडे तिकडे बघत हळूच विचारलं, "इथी कसा वास येते, बाई?" मी म्हटलं, फिनाईलचा. औषधाचा. तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, "मंग बरं हाय. मले नाई येत." त्याने दोन घास खाल्ले. तो परत आला नाही.

शेड आता बंद आहे. सुनेने ब्रश आणि डबे कोणाला तरी देऊन टाकले. लुगडं त्याच्यासोबत जाळलं की नाही ते मी विचारलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात जीप पुन्हा बरेच दिवस उभी होती, प्रमोदच्या सासुरवाडीला लग्न होतं. एका दुपारी मी आत जाऊन बसले. चारी बोल्ट फिरवले, कवच उचललं आणि वाकले. खर्रा आला नाही. डिझेल नाही, तेल नाही. फळी नुसती लाकडासारखी लाकूड होती. मी पुन्हा पुन्हा वाकले. मग लक्षात आलं की काहीतरी येत आहे. हातातल्या कवचाच्या खालच्या अंगाला, जिथे त्याने ब्रश फिरवलेला अजून दिसतो, तिथून उन्हाने तापून तो उग्र, गोडसर वास येत होता. कुंपणावरून डबा पुढे यायचा तेव्हा डब्याच्याही आधी यायचा तो.

त्याने सगळ्या जगाचे वास मला विचारले. स्वतःचा कसा येतो, हे कधी विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. मी कवच मांडीवर घेऊन बसून राहिले. त्या दिवशी ते लवकर लावलं नाही.