रेघ मारलेलं खेचर

माझं आणि सासूबाईंचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही, आणि त्याचं आम्हा दोघींनाही कधी वाईट वाटलं नाही. त्यांना सगळं उलटं बघायची सवय. धंदाच तसा. सैन्याच्या तुकड्या कॉलरवर जे पितळी बिल्ले लावतात, त्यांचे पोलादी ठसे त्या हातानं कोरतात. ठशात चित्र उलटं आणि खोल कोरावं लागतं, तेव्हा कुठे ते पितळेवर सुलटं आणि उठून येतं. माझ्या पोळ्याही त्या कोरकामाच्या भिंगातूनच बघतात, हे जाता जाता सांगते.

मागच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल आहे. त्यावर कोरण्या, भिंग, तेलाची वाटी आणि मेणाचा गोळा. थोडं कोरलं की ठशात मेण दाबायचं, उचलून उजेडात धरायचं, नाक मुरडायचं आणि पुन्हा कोरायला बसायचं. ओझी वाहणाऱ्या तुकडीचा ठसा त्यांनी लग्नानंतर असाच कोरला होता. मागे डोंगर, पुढे पाठीवर ओझं घेतलेलं खेचर. त्याचा एक कान पुढे, एक मागे. पुढचा कान वाटेकडे आणि मागचा हाकणाऱ्याकडे, ही खूण सासऱ्यांनी सांगितलेली. ते त्याच तुकडीत खेचरं हाकायचे. बर्फात त्यांचा पाय निकामी झाला आणि बरोबरचं कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःला दोरानं खेचराच्या पाठीवर बांधून घेतलं. पुढचं त्यांना आठवत नव्हतं. जनावर आपलं आपण उतरून छावणीत आलं. सासरे लंगडत का होईना घरी आले, त्यांचं लग्न झालं आणि माझे यजमान जन्मले. म्हणजे माझा संसार एका खेचराच्या कृपेनं उभा आहे. भांडण झालं की मी हे यजमानांना ऐकवते.

सासरे गेल्यावर काही वर्षांनी तुकडीला नवे साहेब आले. ते एक चित्र घेऊन आमच्याकडे आले: मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, आयाळ उडालेली. तुकडीत आता ट्रक आहेत, म्हणाले, बिल्ला जरा रुबाबदार हवा. खेचर बघून बाकीच्या तुकड्या आमच्या जवानांना गाढवाचे जावई म्हणतात. शिवाय खेचराला पिल्लं होत नाहीत. ज्याचा वंश चालत नाही असलं जनावर कॉलरवर कशाला मिरवायचं? सासूबाईंनी चित्राला भिंग लावलं आणि घोड्याच्या पाठीवरचं ओझं कुठे गेलं ते विचारलं. शोभेसाठी काढलं, असं उत्तर आलं. मग शोभा करणारा कुणीतरी बघा, म्हणून त्यांनी कागद परत केला.

यजमानांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखाना म्हणजे आईची कोरणी आणि ठशावरून बिल्ले पाडायचं यांचं प्रेस, त्यातलं निम्मं काम या एका तुकडीचं. त्यांनी आईची मनधरणी केली, मीही केली. ऐकतील तर शपथ. घोडा दुसऱ्याकडे गेला आणि आमचं प्रेस थंड पडलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण नियम असा की बाद झालेल्या ठशावर, कोरणाऱ्याच्या समोर, छिन्नीनं आडवी रेघ मारायची, म्हणजे त्यावर कुणी चोरून बिल्ले पाडत नाही. मग ते पोलाद भंगार म्हणून कोरणाऱ्यालाच परत. साहेब छिन्नी घेऊन दारात आले तेव्हा सासूबाई ठसा मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसल्या होत्या. मोडायचा तर तुकडीसमोर मोडा, माझ्या घरात नाही, म्हणाल्या. म्हातारीचं मन राखावं म्हणून साहेब कबूल झाले.

मैदानावर ऐरण मांडली होती. एकीकडे ट्रक, एकीकडे उरलेली खेचरं, मधे जवान रांगेत उभे. साहेबांनी भाषण केलं आणि त्यातही वंशाचं टुमणं लावलंच. सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी मुलाला दंडाला धरून ओढलं, माझ्या कडेवरची लेक काढून घेतली आणि दोघांना ऐरणीपाशी उभं केलं.

"खेचराला वंश नाही, खरंय साहेब. हा माझा वंश. तो त्यानं पाठीवरून खाली आणला. मारा आता रेघ."

हवालदार हातोडा धरून नुसताच उभा राहिला. शेवटी साहेबांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि रेघ मारली. चांगली खोल, ओझ्यावरून थेट पोटापर्यंत. सासूबाई रडल्या नाहीत. रडले ती मी, रागानं.

घरी आल्या आल्या त्यांनी ठसा पुसला, प्रेसमध्ये बसवला आणि मुलाला दांडा ओढायला सांगितलं. यजमान म्हणाले, आई, अगं तो बाद झालाय. बाद झालेला कसा दिसतो ते बघू दे, म्हणाल्या. छाप पडली. ठशात जे खोल ते पितळेवर उंच. साहेबांची रेघ खेचराच्या अंगावर जाड उठून आली होती, ओझं आणि पोट आवळून बांधणारी. सासूबाईंनी छाप उचलून भिंगाखाली धरली.

"दोर," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं दोर कोरायचा राहिला होता."

आधी तो हवालदार बिल्ला मागायला आला, मग एकेक करून बाकीचे. वर घोडा, कॉलरच्या आत खेचर. यजमान घाबरत घाबरत बिल्ले पाडत होते, पण पाडत होते. व्हायचं तेच झालं. तपासणीत कुणाची तरी कॉलर उलटली आणि साहेब एक बिल्ला मुठीत घेऊन आमच्या मागच्या खोलीत येऊन उभे राहिले. हा ठसा रद्द केला होता, म्हणाले.

"रद्दच आहे की. ही काय तुमची रेघ," सासूबाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, कारवाई होईल, प्रेसला कुलूप लागेल. मला काय झालं कोण जाणे, मी लेकीला हाताला धरून साहेबांपुढे उभी केली. तिच्या फ्रॉकच्या कॉलरवर, आत नाही, वर, सगळ्या गल्लीला दिसेल असा तो बिल्ला मी सकाळीच लावला होता. म्हटलं, सुरुवात इथून करा.

सासूबाईंनी टेबलावरचं भिंग उचललं आणि साहेबांच्या देखत नातीच्या कॉलरला लावलं. "वाकडा लावलायस," मला म्हणाल्या, आणि आपल्या हातानं सरळ केला.