कापलेली बटणं

"परत त्या म्हाताऱ्याचाच सदरा? दुकान चालवतेस की त्यांची बैठक?" जाऊबाईंनी कापडांचा गठ्ठा टेबलावर आदळला.

"ताई, हळू बोला."

"का हळू? एका बटणाला अर्धा तास गप्पा! बाईला बरा विरंगुळा सापडलाय म्हणतात लोक."

शिंपीणबाईची कानशिलं तापली. नवरा गेल्यापासून लोकांच्या तोंडाचीच तिला धास्ती. तिनं सदरा जाऊबाईंच्या नाकासमोर नाचवला.

"मला कशाला विरंगुळा? त्यांनाच घरी कुत्रं विचारत नाही! बटणं स्वतः कापून आणतात, येडे कुठले! हा दोरा बघा, मूळच्या शिलाईचा. तुटलेला दोरा विस्कटतो. हा कात्रीनं कापलाय!"

जाऊबाई पोट धरून हसल्या. तीही हसली, जरा जास्तच मोठ्यानं.

ट्रायल रूमच्या पडद्याच्या कड्या वाजल्या.

घड्याळवाले काका, तो सदरा ज्यांचा तेच. अंगात उसवून घट्ट केलेला कोट. तिनंच तो घालून बघायला त्यांना आत पाठवलं होतं आणि भांडणाच्या भरात साफ विसरली होती.

बाकीची गिऱ्हाइकं मापं देऊन जायची. काका थांबायचे. "पोरी, जेवलीस का?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ती मशीनवर डोकं टेकून रडली होती. मग त्यांच्यासाठी स्टूल आलं. आणि पहिला कापलेला दोरा हाती लागला, तेव्हापासून ती त्यांची बटणं कच्चीच लावायची. दोनच टाके, गाठ नाही. आपोआप गळावीत, म्हाताऱ्या माणसाला कात्री घ्यायला लागू नये. जाऊबाईंना सांगताना ही अर्धी गोष्ट तिनं गिळली होती.

काकांनी कोट काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला. जाऊबाईंना एकाएकी गठ्ठ्यात फार काम निघालं.

"काका, बसा ना." तिनं स्टूल पुढे सरकवलं. "टाके मीच कच्चे घालते. मुद्दाम. तुम्ही यावं म्हणून."

जाऊबाईंचे हात थांबले. थांबू देत.

काकांची बोटं अंगातल्या सदऱ्याच्या छातीवरच्या बटणाकडे गेली. तेही लोंबत होतं. ते त्यांनी चाचपलं. मग तिच्या हातातून सदरा अलगद सोडवून घेतला, तसाच, बटणाविना.

"काका, उद्या याल ना?"

ते पायरी उतरून गेले.