दह्यातली बिर्याणी

मी स्वतःला फार समजूतदार माणूस समजत होतो. लातुरात माझं बाइंडिंगचं दुकान होतं. भूकंपानंतरच्या त्या वर्षांत कोचिंग क्लासेस असे फोफावले, की नोट्सचे गठ्ठे बांधता बांधता मान वर करायला सवड नसे. त्या गठ्ठ्यांपायीच जीवशास्त्राचे एक सर ओळखीचे झाले. अलिबागकडचे, बेने इस्राएल. घरात मराठी बोलणारा यहुदी मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि आपल्या मालकीची चीज असावी तसा चार लोकांना दाखवतही होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

आमच्या बैठकीतल्या तिसऱ्या म्हणजे मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर. भूकंपात माझे अब्बा गेले, तेव्हा छावणीत अम्मीचा मोडलेला हात त्यांनीच बांधला होता. इब्राहिम, मूसा आपल्या तिघांच्याही किताबांत आहेत, तर महिन्यातून एका रविवारी बसून बोलू या, ही कल्पना त्यांची. जागा माझी, चहा माझा, आणि बोलणंही बहुतेक माझंच. दुसरं कुणी बोलत असलं की मी मान डोलवायचो आणि मनात आपलं पुढचं वाक्य जुळवत बसायचो.

बकरी ईदनंतरच्या रविवारी विषय होता इब्राहिमच्या कुर्बानीचा. मी हौसेनं बिर्याणी करवून घेतली, मटण चांगलं दह्यात मुरवलेलं. सरांनी काकडी-कांदा घेतला, बिर्याणीला हात लावला नाही. मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं.

"आमच्या हातचं चालत न्हाई म्हणा की सरळ! मग इथं येऊन भाईचारा कशाला सांगून राहिले?"

सरांचा चेहरा पडला. सिस्टर हळूच म्हणाल्या, "भाई, मटन आन् दूध-दही एकत्र खात न्हाईत त्यांच्यात. पहिल्याच रविवारी सांगितलं की सरांनी. तुमी तर हाव हाव म्हणत मान डोलवत होता."

"माझंच चुकलं," सर म्हणाले. "मी आधी आठवण करून द्यायला हवी होती."

माफी मी मागायची, ती त्यांनी मागितली. आणि मी ती गुमान घेतली! पुढच्या बैठकीला दुकानात काम आहे असा निरोप धाडला. त्याच्या पुढच्याही. बैठक तिथंच मोडली.

रमजानात एका संध्याकाळी सर दारात उभे. नांदेडच्या एका क्लासमध्ये शिकवायला चालले होते, म्हणून भेटायला आलेले. अजानला पाच-सात मिनिटं होती. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"खडेमीठ आहे, आमच्या गावाकडचं. तुमचे अब्बा खजुरानं नाही, मिठाच्या चिमटीनं रोजा सोडायचे ना? तुम्हीच सांगितलं होतं."

अजान झाली. मी मिठाचा खडा जिभेवर ठेवला. वाटलं, आपणही यांच्या वडिलांचं काही विचारावं. त्यांच्याबद्दल सर बोलले होते एकदा, इथंच, बैठकीच्या चटईवर, बराच वेळ. मी आठवत राहिलो. एक शब्द आठवेना. ते हयात आहेत की नाहीत, एवढंसुद्धा नाही.